एका दिवसाचा गोलकीपर

हातात स्टिक आली की तो आधी डोळे मिटायचा. सुकतीला समुद्र मागे गेलेला असायचा, ओली वाळू पायाखाली घट्ट झालेली असायची, आणि त्या वाळूवरून तो डोळे मिटून चेंडू न्यायचा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, टकटक, टकटक. आम्ही हसलो की म्हणायचा, "बॉल पयलो आयकूचो, मगे बघूचो."

तुमच्यापैकी फार थोड्यांनी आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरची हॉकी पाहिली असेल. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. कुणा चाकरमान्याने मुंबईहून हौसेने डझनभर स्टिका पाठवल्या, शाळेने मैदान दिलं आणि आमचा संघ उभा राहिला. डोळे मिटून चेंडू नेणारा तो गडी होड्या बांधणारा सुतार होता. बाविशीचा, काटक, उंच, रंधा मारून मारून खांदे जरासे पुढे झुकलेले. मी कचेरीत कारकून आणि संघाचा राखीव गोलकीपर. राखीव म्हणजे काय, तर तीन वर्षांत मी एकही खरा सामना खेळलो नव्हतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं दुःखही नव्हतं. दगडासारखा तो चेंडू अंगावर येताना पाहिला की मी आपोआप बाजूला सरायचो.

तो खेळायचा पुढच्या फळीत, डाव्या हाताला. तिथे चेंडू मिळाला की समोरचे दोघं-तिघं कुठे गेले ते कळायचं नाही. धावायचाही फारसा नाही. एका खांद्याने एकीकडे जातोय असं दाखवायचा आणि चेंडू दुसरीकडून निघून गेलेला असायचा. आम्ही विचारायचो, हे कसं करतोस रे? तो खरोखर विचारात पडायचा आणि म्हणायचा, "थय वाट आसता."

आमचे सर घाटावरचे. शाळेत कवायत शिकवायचे. हॉकी ते पुस्तकावरून शिकले होते, आणि ते पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. मैदानावर त्यांनी चुन्याने चौकोन आखले होते आणि प्रत्येकाला एकेक चौकोन नेमून दिला होता. "जागा म्हणजे जागा," असं म्हणत ते शिट्टी फुंकायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाला ताप आला तर घरी जाऊन बघून येणारा. पण चौकोनातून बाहेर पडलेला खेळाडू त्यांना वर्गातून पळालेल्या मुलासारखा वाटायचा. आणि आमचा सुतार तर एका चौकोनात कधी दिसलाच नाही.

त्या वर्षी कोल्हापूरच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तीन दिवसांत तीन सामने, आणि शेवटच्या दिवशी राज्याच्या संघासाठी माणसं निवडायला दोन निवडकर्ते येणार होते. ही बातमी घेऊनच आम्ही निघालो. एस्टी आंबोलीला चहासाठी थांबली, तेव्हा धुक्यात उभा राहून मला म्हणाला, "हेच्यात झाला तर झाला रे. नायतर जल्मभर फळीयेच तासूचे आसत."

पहिल्या सामन्याच्या सकाळी सरांनी यादी वाचली. त्याला मागे टाकलं होतं, बॅकच्या जागेवर. पुढच्या फळीत त्याच्या जागी आमचा कप्तान. सर म्हणाले, "तुझं अंग दणकट आहे. मागे कुणीतरी भक्कम हवं."

"सर, माका पुढे ठेवा. मागे माझो हात चलना नाय."

"हात कसा चालत नाही? सुतार ना तू?" सर हसले. त्यांच्या मते तो विनोद होता.

मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे होतो. दुसऱ्या डावात त्याने आपल्या वर्तुळाजवळ चेंडू अडवला, आणि मग तो कुणालाच दिला नाही. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकटा गेला. कडेला उभे राहून सर ओरडत होते, "जागा सोडू नकोस, जागा!" तो गोल झाला, नंतर आणखी एक झाला. आम्ही जिंकलो. सरांनी त्याची पाठ थोपटली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे झोपलेले असताना त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. जागा सोडल्याबद्दल.

त्या फेऱ्यांत त्याच्या मांडीची शीर धरली. तो कुणाला बोलला नाही. त्याच दुपारच्या सामन्यात सरांनी त्याला उजव्या हाताला मधल्या फळीत घातलं. तिथे धावण्याला अंत नसतो. दर दहा-पंधरा पावलांना तो मुठीने मांडी ठोकत होता. आम्ही कसेबसे जिंकलो, पण आमच्या गोलकीपरच्या गुडघ्यावर फटका बसला आणि त्याला दोघांनी उचलून आणावं लागलं.

आता ऐका. मी ही गोष्ट आजवर घरातही कुणाला सांगितलेली नाही.

अंतिम सामन्याच्या सकाळी सर माझ्याकडे आले. गोलकीपर खेळू शकत नव्हता. राखीव मी होतो. त्या काळी हॉकीत सामना सुरू झाल्यावर माणूस बदलता येत नसे. यादीत ज्याचं नाव जिथे, तो तिथेच. सरांनी विचारलं, "उभा राहशील ना?"

समोर सराव करणारा संघ मला दिसत होता. त्यांचा एक धिप्पाड गडी फटका मारायचा आणि चेंडू गोलच्या फळीवर आदळला की आवाज आमच्यापर्यंत यायचा. मी म्हणालो, "सर, काल पडलो तेव्हा मनगट मुरगळलंय. स्टिक धरवत नाही."

मनगटाला काहीही झालेलं नव्हतं.

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग वळून सुताराकडे. "तुझी नजर चांगली आहे. पायही दुखतोय तुझा, गोलात पळावं लागणार नाही." त्यांना तो उपाय फार आवडला. एका दगडात दोन पक्षी.

त्याने दुखरी मांडी चोळली. मग हळू म्हणाला, "सर, आज ती माणसा येवची आसत. पाय जड आसा ता खरा. पण माका पुढे ठेयल्यात तर मी धावूचंय नाय. बॉलाक धावडवीन."

"संघ मोठा की तू मोठा?"

यादी लिहायचं काम माझं. गोलकीपरच्या पुढे मी त्याचं नाव लिहिलं. मग तो खाली बसला, आणि मी त्याच्या पायांना पॅड बांधले. त्याला पट्टे कसे आवळायचे तेही ठाऊक नव्हतं.

मंडपात दोन निवडकर्ते टोप्या घालून बसले होते. सामना सुरू झाला, आणि सत्तर मिनिटं माझी नजर चेंडूवर ठरली नाही. ती सारखी दोन ठिकाणी जात होती: एक, गोलात उभा असलेला तो, आणि दुसरी, डाव्या हाताची पुढची जागा. तीन वेळा तिथे चेंडू अगदी मोकळा आला. तीनही वेळा कप्तान बिचारा उशिरा पोचला. दर वेळी गोलातून तो एक पाऊल पुढे यायचा, जणू तो चेंडू त्याच्याचकडे निघाला होता, आणि मग मागे जायचा.

फटके तर असे येत होते की मी डोळे मिटत होतो. त्याने ते अडवले. कधी पायाने, कधी छातीने, एकदा हवेतल्या हवेत तळहाताने. एकदा चेंडू अडवून त्याने स्टिकने पुढे घेतला, एकाला चुकवलं, वर्तुळाबाहेर आला. लोक उठून उभे राहिले. दुसरा अंगावर आला, त्यालाही चुकवलं.

"जागा!" सर ओरडले.

तो थांबला. चेंडू बाजूच्या गड्याला दिला आणि लंगडत परत गोलात गेला. त्याला थांबताना मी पाहिलं आहे. त्यापेक्षा मनगट खरंच मोडलं असतं तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं.

शेवटची चार मिनिटं उरली असताना त्यांना कॉर्नर मिळाला. पहिला फटका त्याने अडवला. परत आलेला चेंडू पुन्हा मारला, तोही अडवला. तिसऱ्या वेळी तो जमिनीवर पडलेला होता.

आम्ही एका गोलने हरलो. मंडपातून निवडकर्त्यांपैकी वयस्कर गृहस्थ खाली आले आणि सरांना म्हणाले, "तुमचा गोलकीपर कोण हो? नाव द्या." सरांची छाती फुगली. "आमच्या हाताखाली तयार झालाय," ते म्हणाले. मी शेजारीच होतो. मी यादीवरून त्याचं नाव उतरवून दिलं.

महिन्याभरात इंग्रजीत टाइप केलेलं पत्र आलं. ते घेऊन तो कचेरीत आला. "वाच रे." मी वाचलं. पुण्याला निवड चाचणीसाठी त्याला बोलावलं होतं, गोलकीपर म्हणून.

"पुढचो म्हणान नाय?"

"नाय."

"जल्मात एकदाच गोलात उभो रवलंय मी." तो हसायला गेला, पण जमलं नाही.

मी लगेच एक अर्ज लिहिला, की हा खेळाडू मुळात पुढच्या फळीतला आहे, त्याला त्या जागेवर पाहावं. सरांकडे सहीला नेला. सरांनी तो दोनदा वाचला. "निवडणाऱ्यांना आपण शिकवायचं? उद्या बोलावणंच रद्द केलं तर?" ते म्हणाले. सही झाली नाही. मी अर्ज ड्रॉवरात ठेवला. माझ्याच नावाने पाठवता आला असता, पण मग तो गोलात का उभा राहिला होता, हेही लिहावं लागलं असतं.

तो पुण्याला गेला. दोन दिवस मोठमोठ्या खेळाडूंनी त्याच्यावर फटके मारले. त्याने तिथल्या साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. परत आला तो नडग्या काळ्यानिळ्या घेऊन. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "बरे मारतत थय," आणि विषय संपवला. पुढच्या मोसमात आला नाही. बोलवायला गेलो तर म्हणाला, होडी पावसाआधी उतरवूची आसा. त्याच्या पुढच्या वर्षीही होडीच होती.

सरांची बदली झाली तेव्हा मी स्टँडवर गेलो होतो. ट्रंक टपावर चढवून झाल्यावर ते एकदम म्हणाले, "अंतिम सामन्यात त्याला पुढे ठेवला असता तर..." ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ते आत जाऊन बसले.

आणखी काही वर्षं गेली. गोवा मोकळा झाला, तिकडे बोटींची कामं निघाली, आणि तो वास्कोला जाणार असं कानावर आलं. तेव्हा मात्र मला राहवेना. त्याच्या होड्या बांधायच्या मांडवात गेलो. अर्ध्या बांधलेल्या होडीत उभा राहून तो फळीवर रंधा मारत होता.

मी म्हणालो, "कोल्हापूराक त्या दिवशी माझो हात बरो होतो."

रंधा थांबला नाही. "म्हायत होता."

"कधीपासून?"

"तेव्हाच. त्याच हातान तू माझी पॅडा आवळलंस. दुखरो हात असो आवळता काय?"

"मग बोललंस कित्याक नाय?"

त्याने फळीवरचा भुसा हाताने झाडला. "तू भियालंस. भियालेल्याक गोलात उभो करून काय उपयोग? सरांका ता कळाक होया होता. माझ्याबद्दलय आणि तुझ्याबद्दलय." मग फळीचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं. "धर हय. हलवू नको."

त्याच आठवड्यात मी त्याला शाळेच्या मैदानावर नेलं. तिथे नवा संघ जमला होता आणि शिकवायला कुणी नव्हतं. सुतारकामाची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तो एक डाव कडेला उभा राहिला. पोरं घाबरली होती, आता हा काय बोलतो म्हणून. डाव संपल्यावर त्याने त्यांना ओळीत उभं केलं, मला कागद काढायला सांगितला, आणि पहिल्या मुलासमोर जाऊन विचारलं, "तुका खंय खेळूक बरा वाटता?"

मुलगा गोंधळला. असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग त्याने सांगितलं, आणि मी लिहून घेतलं. तो पुढच्याकडे गेला. एकेक करत तेरा जणांना विचारून झालं. चौदावा लाजरा होता. मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. ओळीतला कुणी तरी म्हणाला, त्येका खंयव घाला, चलात.

"नाय," तो म्हणाला. पिशवी खांद्यावरून काढून त्याने जमिनीवर ठेवली आणि त्या मुलासमोर उकिडवा बसला. समुद्रावर उजेड कमी होत होता. पोरं चुळबुळ करू लागली होती. तो उठला नाही. मुलगा सांगेपर्यंत तसाच बसून राहिला.