मागच्या दारची मराठी

खालापूरजवळच्या आमच्या गावी दवाखान्यात परदेशी नर्स आली, तेव्हा तिला मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवत होते, म्हणून. तिला पुस्तक नको होतं. लहान मूल शिकतं तसं, ऐकून शिकायचं होतं.

माझी सोयच झाली. संध्याकाळी तिला चुलीजवळ पाटावर बसवायचं आणि आपली कामं करत राहायचं. मी बोलायचे, ती बघायची आणि तसंच म्हणायची. मागच्या दारी वाडीवरची बाई मोळी घेऊन यायची, तेव्हाही नर्स तिथंच असायची. काही महिन्यांत ती सासूबाईंना "अहो, घ्या ना अजून थोडं" असा आग्रह करू लागली. शेजारणी कौतुक करायच्या. ते माझंच, असं मी धरून चालले होते.

तिला मराठी हवी होती ती डोंगरातल्या आदिवासी वाड्यांसाठी. तिथल्या बायका पोरांना लस टोचून घ्यायला यायच्या नाहीत.

अखेर एका बाजाराच्या दिवशी चार-पाच जणी दवाखान्यात आल्या. मीही शिष्येची मराठी ऐकायला गेले होते. पुढे आमची मोळीवालीच होती, कडेवर नातू. नर्स हसत सामोरी गेली.

"ए, तिथंच थांब. आत येऊ नको. काय हवंय?"

हातही तसाच उडवला. मग पाठीमागून आलेल्या पाटलांच्या सुनेला म्हणाली, "या, या. बसा ना!"

उच्चार स्वच्छ होते. बोलणं माझं होतं.

मोळीवालीने माझ्याकडे पाहिलं. "तुमचीच शिकवणी ना, बाय?" बाकीच्या हसल्या. थोड्या वेळाने सगळ्या निघून गेल्या. पोरांना टोचायचं तसंच राहिलं.

"माझं काय चुकलं?" नर्सने विचारलं.

तिला समजावून सांगायचं म्हणजे आधी माझंच सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा तिच्यासमोर नीट बोलणं सोपं वाटलं. पुढच्या खेपेला मोळी आली, तेव्हा नर्स पाटावर होतीच.

"या, आत या. बसा. चहा घेता ना?" मी म्हटलं.

मोळीवाली डोक्यावरचा भार न उतरवता दारातच उभी राहिली. "काय झालं बाय? उद्यापासून मोळी नको काय?"

"तसं नाही हो. चहा घ्या."

"नको असंल तर सरळ सांगा नं. आमी दुसरं घर बघू."

नर्स माझी वाक्यं पुटपुटत होती. मी चहा ओतायला वळले. हात सवयीने खिडकीतल्या कान तुटलेल्या कपाकडे गेला. वाडीवरच्यांसाठी तो वेगळा ठेवलेला असे.

नर्स बघत होती.