निळ्या दोरीचं फाटक

आधीच सांगून टाकते... मी अशा गोष्टी मानणाऱ्यातली नाही. या सदरातले अनुभव मी वाचते, पण ट्रेनमध्ये वेळ जावा म्हणून. मी सिडनीत टूनगॅबीला राहते आणि पॅरामॅटाच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कोणी "हे आपोआप झालं" म्हणालं की "परत करून दाखव" म्हणायचं, हेच माझं काम. लहानपणी डोंबिवलीत शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, तेव्हाही मी आणि दादा जिन्यात बसून हसायचो.

हे जे लिहितेय ते त्याच दादाबद्दल आहे.

दादा कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहायचा. रस्ते बांधणाऱ्या खात्यात इंजिनियर. वहिनी काही वर्षांपूर्वी वेगळी होऊन मेलबर्नला गेली, मुलगी इरा दादाकडेच राहिली. ती तेव्हा बारावीत होती. दादाला गाडी चालवायचं प्रचंड वेड. टास्मानिया त्याने दोनदा पालथा घातला होता. आणि नेमके त्याचे हातच आधी गेले. कपाची पकड सुटायला लागली, मग शर्टाची बटणं लागेनात. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं – मोटर न्यूरॉन डिसीज. उपाय नाही. हात, मग पाय, मग बोलणं, मग श्वास... क्रम थोडा मागेपुढे होऊ शकतो, एवढीच काय ती अनिश्चितता.

आठवडाभर त्याचं सगळं करायला केअरर यायची. शनिवार-रविवार मी गाडी काढून कॅनबेराला जायचे.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत दादा व्हीलचेअरवर आला होता. एका रविवारी दुपारी तो म्हणाला, "मला स्कायला जायचंय."

"कुठे?"

"स्काय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ते बेट आहे ना, ते. चारच दिवस. ग्लासगोला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची. तू चालव, मी रस्ता सांगतो."

"दादा, अरे..."

"मला माहितीये गं," तो म्हणाला. "प्लॅन तर करू."

त्याला विमानात बसू देणार नाहीत हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, पलीकडे डायनिंग टेबलवर अभ्यास करत बसलेल्या इरालाही माहीत होतं. पण रविवारची दुपार फार मोठी असते. म्हणून आम्ही प्लॅन करायला लागलो.

का स्काय, तर तिथले आतले रस्ते फार अरुंद आहेत. एका वेळी एकच गाडी जाते. समोरून कोणी आलं की रस्त्याकडेला थोडी जागा करून ठेवलेली असते, तिथे थांबायचं, दुसऱ्याला जाऊ द्यायचं. "आणि जाणारा हात करतो," दादा म्हणाला. "प्रत्येक जण. आपल्याकडे कोण थांबतं कोणासाठी?"

मी लॅपटॉप टीव्हीला जोडायचे. नकाशावर रस्त्याचे खरे फोटो दिसतात ना, त्यात आम्ही 'गाडी चालवायचो'. मी माउसने एकेक पाऊल पुढे जायचे आणि दादा शेजारी बसून ऑर्डरी सोडायचा. "हळू. वळणावर मेंढ्या असतील. थांब, त्याला जाऊ दे." काळे उघडे डोंगर, दगड, पिवळट गवत, खाली राखाडी समुद्र. झाड म्हणून नाही. इरा मधूनच मान वर करून म्हणायची, "You guys are so weird." पण खोलीतून उठून जायची नाही.

तर एके रविवारी आम्ही बेटाच्या वरच्या टोकाला एका लहान फाट्यावर आलो. मी क्लिक केलं, चित्र पुढे सरकेना. फोटो काढणारी गाडी तिथपर्यंतच गेली असणार.

"संपला रस्ता," मी म्हणाले.

"संपला कुठे? चल की पुढे."

"फोटोच नाहीत दादा पुढचे."

"अगं, उतार आहे, सांभाळून जा," दादा म्हणाला. त्याचा आवाज तोवर जडावलेला होता, शब्द एकमेकांना चिकटायचे. पण त्या दिवशी तो भराभर बोलत होता. "लोखंडी पट्ट्यांवरून जाईल गाडी, धडधड होईल. डावीकडे पाण्यात गवत आहे, उंच. आता वर. फाटक आहे बघ लाकडी, निळ्या दोरीने बांधलंय. मागे पांढरं घर. बाई कपडे वाळत घालतेय... या अशा हवेत कपडे! पिवळा रेनकोट घातलाय तिने."

मी हसत होते. तो मजा करतोय असंच वाटलं मला. टीव्हीवर तर तोच फाटा तसाच थिजलेला. थोड्या वेळाने तो गप्प झाला आणि खुर्चीतच झोपला. मी त्याची मान उशीवर नीट टेकवली, पांघरूण घातलं.

इरा पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. "आत्या, he wasn't looking at the TV," ती म्हणाली. "His eyes were closed. The whole time."

औषधांची गुंगी असेल, असं मी तिला सांगितलं. मलाही तेच पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात घरून काम करताना मी त्या फाट्याच्या आसपास राहायची सोय शोधत होते. जायचं नव्हतंच, पण दादा विचारणार हे नक्की. तिथल्या पर्यटनाच्या साइटवर त्या रस्त्याच्या टोकाला एकच घर होतं, दोन खोल्या भाड्याने देणारं. फोटो नाही, ऑनलाइन बुकिंग नाही, नुसता फोन नंबर. संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळ झाल्यावर, मी फोन लावला.

मोरॅग नावाच्या बाईंनी उचलला. वयस्कर आवाज, उच्चार कळायला मला जरा वेळ लागला. मी म्हटलं, ऑस्ट्रेलियाहून बोलतेय, भाऊ आणि मी येऊ म्हणतोय, तो व्हीलचेअरवर असतो. त्या रस्ता सांगायला लागल्या... फाट्यावरून वळा, गुरं अडवायच्या लोखंडी पट्ट्या लागतील, त्यावरून या, मग वर फाटक आहे. "निळी दोरी बांधलीये त्याला. गाठ फार घट्ट आहे, मलाच दोन्ही हात लागतात. हॉर्न वाजवा, मी येऊन उघडीन."

मी लगेच कारणं शोधायला लागले. दादाने कुठेतरी फोटो पाहिला असेल, एखादा व्हिडिओ, ब्लॉग...

मग त्यांनी विचारलं, "तुमचा आणखी एक भाऊ आहे का?"

"नाही. का?"

"रविवारी सकाळी एक गृहस्थ आले होते. भारतीय. मी कपडे घालत होते दोरीवर. फाटक उघडून आत आले, म्हणाले आम्ही ऑस्ट्रेलियाहून आलोय, बहीण गाडी चालवतेय, ती मागून येतेय. पायात बूट नव्हते हो त्यांच्या, नुसते मोजे, या चिखलात! मी म्हटलं आत या, चहा टाकते. किटली ठेवून बाहेर येते तर कोणी नाही. गाडीचा आवाजही आला नव्हता. मी खाली रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आले."

"कपडे कसे होते?" मी विचारलं.

"मरून रंगाचं जाड जॅकेट. चेन अर्धीच लावलेली."

त्या रविवारी दादाला ते फ्लीसचं जॅकेट मीच घातलं होतं. चेन पूर्ण लावली की त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून अर्धी. आणि पाय सुजल्यामुळे महिनोन् महिने त्याच्या पायात बूट चढत नव्हते, फक्त मोजे.

आमची रविवार दुपार म्हणजे त्यांची रविवार सकाळ.

तारीख मोघमच ठेवून मी खोली बुक केली, कारण दुसरं काय बोलावं ते सुचेना.

दादाला सांगावं की नाही, यावर मी पूर्ण आठवडा घालवला. शेवटी सांगितलं. मला वाटलं तो हसेल. किंवा खूश होईल, निदान म्हणेल की बघ, गेलोच मी. इरा शेजारीच होती. मी सगळं सांगितलं – पट्ट्या, फाटक, मोजे, चेन.

दादा टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत होता.

"चालत?" त्याने विचारलं.

"हो. त्या म्हणाल्या, चालत आत आले."

"फाटक मी उघडलं?"

"हो."

"मग मला कसं नाही कळलं गं?"

मी त्याच्या खुर्चीजवळ सरकले.

"मला फक्त दिसत होतं," तो म्हणाला. "सिनेमासारखं. पायाखाली काही नव्हतं. हातात काही नव्हतं. चाललो... आणि मलाच नाही कळलं?" आणि दादा रडायला लागला. त्याला स्वतःचे डोळे पुसता येत नव्हते. इराने पुसले.

त्यानंतर दर रविवारी एकच. "चल." मी गाडी त्या फाट्यावर आणायची. दादा डोळे मिटायचा. आम्ही वाट बघायचो. बाहेर लाइट रेलची, म्हणजे ट्रामची, घंटा वाजायची, हीटर चालू-बंद व्हायचा. काही नाही. "परत," तो म्हणायचा. मी मागून सुरुवात करायचे, बेटावर येणाऱ्या पुलापासून. तोच रस्ता, त्याच मेंढ्या, तोच फाटा. काही नाही. कधी तो चिडायचा, "तू घाई करतेस." मी हळू जायचे. तरी काही नाही. गोळ्यांच्या वेळा बदलून पाहिल्या, खुर्ची त्याच जागी लावून पाहिली, तेच फ्लीस घालून पाहिलं. इराने तर त्या दिवशी ती कोणता चॅप्टर वाचत होती तोसुद्धा काढून ठेवला. हसू नका. आम्ही तिघंही शिकलेली माणसं होतो आणि तिघंही जीव तोडून तेच करत होतो.

मोरॅगबाईंना मी मधे एकदा फोन केला. कोणी आलं होतं का परत? नाही म्हणाल्या. त्यांचाही आवाज पडला होता.

मग दादाचं बोलणं गेलं. डोळ्यांनी अक्षरं निवडायचं यंत्र आलं. तो अक्षराकडे बघायचा आणि यंत्र सपाट आवाजात इंग्रजीत बोलायचं. एका रविवारी मी फाट्यावर येऊन थांबले तेव्हा ते यंत्र म्हणालं, "गो ऑन."

मी क्लिक केलं. चित्र हललं नाही.

"गो ऑन."

मी क्लिक करत राहिले. दुसरं काय करणार होते? इरा उठून आतल्या खोलीत गेली, तेवढी एकदाच.

वसंत लागता लागता दादाच्या छातीत कफ झाला आणि त्याला हॉस्पिटलात हलवलं. तिथून तो परत आला नाही. शेवट शांत होता असं सांगतात लोक, तसा नव्हता. मी आणि इरा दोघी होतो. त्याचे हात मी हातात धरले होते, पण त्याला कळत होतं की नाही, कोण जाणे.

सगळं आवरल्यावर इरा मेलबर्नला आईकडे गेली. बारावीची परीक्षा तिने तिथूनच दिली. मी टूनगॅबीला परत आले. बऱ्याच दिवसांनी आठवलं की ती खोली अजून आमच्या नावावर आहे. ती रद्द करायला मी एका संध्याकाळी मोरॅगबाईंना फोन केला. "भाऊ गेला," म्हणून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "फार वाईट झालं." आणि पुढे म्हणाल्या, "एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. म्हटलं, तुमचा माणूस, त्याच्याबद्दल वेडंवाकडं कशाला बोला."

"काय?"

"किटली ठेवायला गेले ना मी, तेव्हा खिडकीतून दिसत होते ते मला. फाटकाशी उभे होते. फाटक उघडायचे, लावायचे. दोरी सोडायची, परत बांधायची. पुन्हा सोडायची. आणि हसत होते. एवढा जन्म गेला माझा, फाटक उघडायला मिळालं म्हणून इतका खूश झालेला माणूस नाही पाहिला. मी हसून चहाचे कप काढायला वळले. परत पाहिलं तर नव्हते."

मी आभार मानून फोन ठेवला.

त्या फाटकाशी जो हसत होता तो माझा दादा होता, तर मग गुंगालिनमध्ये "मला कसं नाही कळलं" म्हणून रडला तो कोण? आणि तो सगळा आनंद एकाच माणसाचा होता, तर तो इकडे का नाही पोचला? हे दादाला सांगता आलं असतं तर... पण मला कळलं तेव्हा तो नव्हता. इराला मी अजून सांगितलेलं नाही. सांगून तिला बरं वाटेल की आणखी त्रास होईल, ते ठरत नाही.

मी स्कायला गेले नाही. जाणारही नाही. माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही, मिळेल असंही वाटत नाही. मोरॅगबाई खोटं कशाला बोलतील? आणि पहिल्या फोनमध्ये मी त्यांना दादाच्या कपड्यांबद्दल एक शब्द बोलले नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकते.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं घडलं असेल, तर भूत-आत्मा वगैरे मला काही विचारायचं नाही. एवढंच सांगा... तुमच्या माणसाला नंतर कधी ते आठवलं का?