चिमीचं अडलेलं पिल्लू आणि फोनवरचे डॉक्टर

मंडळी, सगळं आवरून लगेच लिहायला बसले आहे.

आमची कुत्री चिमी आज सकाळी व्यायली. दोन पिल्लं नीट झाली. तिसऱ्याचे मागचे पाय बाहेर आले आणि ते तिथंच अडकलं. चिमी कण्हत माझ्याकडे बघत होती.

रविवार असल्यामुळे आमच्या आष्टीतला जनावरांचा दवाखाना बंद. आर्वीच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते एका खेड्यात गाय बघायला गेलेले.

"मले यायले वेळ लागन, ताई. फोन चालू ठेवा, सांगतो तसं करा. ती कळ देईन तेव्हाच ओढा. खालच्या बाजूले, हळू."

माझे सासरे कुत्र्याला कधी हात लावत नाहीत. आज त्यांनीच चिमीचं डोकं मांडीवर घेतलं. "भिऊ नको पोरी, मी धरलं तिले."

मी स्वच्छ फडक्यात ते इवलेसे पाय धरले. तिसऱ्या कळेला पिल्लू बाहेर आलं, पण निपचित.

"टॉवेलनं चोळा! थांबू नका!" डॉक्टर फोनच्या स्पीकरवरून ओरडले.

मी चोळत राहिले. सासरे हळूच म्हणाले, "राहू दे आता, गेलं ते." मला थांबवेना. आणि एकदम त्यानं तोंड उघडून श्वास घेतला. मी तिथंच रडायला लागले.

आत्ताच डॉक्टर येऊन तपासून गेले. तिन्ही पिल्लं दूध पिताहेत. पण फोन लागलाच नसता तर, हे डोक्यातून जात नाही.

तुमच्या गावात सुट्टीच्या दिवशी जनावर अडलं, तर तुम्ही कोणाला बोलावता?