ब्युनोस आयर्सचा उंच माणूस

माझ्या बायकोचे एका परक्या पुरुषाबरोबर एकूण सदतीस फोटो आहेत आणि ते सगळे आमच्या चाळीने माझ्याआधी पाहिलेले आहेत.

त्याचं असं झालं. शालनची, म्हणजे माझ्या बायकोची, धाकटी बहीण मंदा नोकरीतून रिटायर झाली आणि तिने जाहीर केलं, आता जग बघायचं. जग बघायचं म्हणजे साधी माणसं दुबई-सिंगापूरपासून सुरुवात करतात. मंदाने नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला बोट ठेवलं. ब्युनोस आयर्स! अर्जेंटिनाची राजधानी! शालन लगेच तयार. मला विचारलं, तेव्हा मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "दीड दिवस विमानात बसून जायचं आणि बघायचं काय, तर बिल्डिंगी! त्या डिलाईल रोडवर कमी आहेत का? तुम्ही जा. मी आईजवळ थांबतो." (खरं तर मला आणखी थोडा आग्रह हवा होता. निदान दोनदा!)

मला वाटलं, शालन म्हणेल, "तुम्ही नाही तर मीही नाही."

ती म्हणाली, "बरं. मग टूरचा फॉर्म तेवढा भरून द्या, आणि सकाळी दूध तुम्हीच घ्या."

आणि गेली!

तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे तिकडे दिवसभर काढलेले फोटो आपल्याकडे चहाच्या वेळी यायचे, आणि ते मला नाही, चाळीच्या ग्रुपवर यायचे. पहिल्या दिवशी मी दुधाची पिशवी घेऊन जिना चढतोय, तर पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "काय दत्ताभाऊ, वहिनी मजेत दिसतायत!" दुसऱ्या मजल्यावर, "दत्ताभाऊ, पाहुणा कोण?" तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझ्या हातातलं दूध तापायला आलं होतं.

घाईघाईने चष्मा लावला. भला रुंद रस्ता. इतका रुंद, की आपल्याकडे त्यात दोन चाळी आणि एक मैदान मावलं असतं. रस्त्याच्या मधोमध पांढराशुभ्र सुळका आभाळात गेलेला. त्याला ओबेलिस्क म्हणतात, असं शालनने खाली लिहिलं होतं. सुळक्यापुढे ती उभी. तिच्या बाजूला मंदा असायला हवी होती, पण मंदा फोटो काढत होती. बाजूला होता एक उंच, गोरा, पांढऱ्या मिशांचा, हॅट घातलेला माणूस!

असेल कोणीतरी, मी म्हटलं. परदेशात माणसं येतात मध्ये.

दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी राजवाडा आला. (हो, गुलाबी! आपल्याकडे बारशाला फुगे असतात तसा!) पुढे शालन, बाजूला तोच. तिसऱ्या दिवशी एक प्रचंड पोलादी फूल. म्हणे सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. मला त्या फुलाचं काही पडलेलं नव्हतं. फुलाच्या खाली उभा असलेला माणूस उमलून हसत होता आणि संध्याकाळच्या फोटोतसुद्धा मिटला नव्हता!

मी आईला फोटो दाखवला. आई शहाऐंशी वर्षांची. मालवणहून या चाळीत सून म्हणून आली ती इथलीच झाली, पण बोली सोडली नाही. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"ह्यो कोण रे?"

"माहीत नाही."

"मानूस बरो दिसता," आई म्हणाली. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुझ्यापरास उंच आसा."

आता सरळ विचारायला काय हरकत होती? पण माझा स्वाभिमान! मी तीनदा "हा कोण?" असं लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी पाठवलं, "तिकडे थंडी आहे का?"

उत्तर आलं, "खूप. पण रोबेर्तो त्यांचा कोट देतात."

देतात! बत्तीस वर्षांच्या संसारात हा आदरार्थी प्रत्यय शालनने माझ्यासाठी राखून ठेवला होता, तो या मिशावाल्याला तीन दिवसांत? आणि वर कोट!

चौथ्या दिवशी ती दोघं स्मशानात होती. तिथे श्रीमंतांच्या संगमरवरी समाध्या आहेत, गल्ल्या आहेत, पुतळे आहेत आणि लोक ते हौसेने बघायला जातात. एका रडणाऱ्या देवदूतापुढे रोबेर्तो शालनच्या डोक्यावर छत्री धरून उभा. मी शालनला गेल्या पावसाळ्यात म्हणालो होतो, "तू तुझी छत्री आण ना!" ते वाक्य मला चहात न बुडवलेल्या कडक बटरसारखं घशात अडकलं.

मी ठरवलं, आपणही दाखवून द्यायचं!

शेजारच्या खोलीत डिसोझा राहतात. अँथनी माझ्या वयाचा, आणि त्याची बायको फिलोमिना शालनची जिवाभावाची मैत्रीण. मी फिलोमिनाला म्हटलं, "जरा गिरगाव चौपाटीवर येतेस? माझ्याबरोबर एक फोटो काढायचाय."

"कशाला रे?"

"शालनला पाठवायला."

फिलोमिनाने कपाळाला हात लावला. "दत्ता, तुला जळतंय काय? अरे, तिने बघितलं तर मला चाळीत राहू देईल?"

पण आतून अँथनी उत्साहाने ओरडला, "चल ना! फोटो मी काढतो!"

तर चौपाटीवर, समुद्राकडे पाठ करून, मी आणि फिलोमिना उभे राहिलो आणि तिचा नवरा आम्हाला सांगत होता, "दत्ता, जवळ सरक रे! अजून! अरे लाजतोस काय, ती चावत नाही!" येणारेजाणारे थांबले. मी अर्धा हात लांब उभा राहून जमेल तेवढा रंगेल चेहरा केला आणि फोटो ग्रुपवर टाकला.

शालनचं उत्तर आलं, "फिलोमिनाचा ड्रेस छान. तुम्ही पोट आत घ्या."

बस! एवढंच! ना राग, ना संशय! मत्सर ही काही एकट्याने करायची गोष्ट नाही, पण मला ती एकट्यालाच करावी लागत होती.

सातव्या सकाळी कळस झाला. आदल्या दिवशीचे फोटो त्या शहराच्या बंदराजवळच्या वस्तीचे होते. पत्र्याची घरं, एक भिंत निळी, दुसरी पिवळी, तिसरी लाल. तिथपर्यंत ठीक. पण नंतरच्या फोटोत दिवे मंद, मागे कोणी वाद्य वाजवतंय, आणि शालनचा एक हात रोबेर्तोच्या खांद्यावर, दुसरा त्याच्या हातात! खाली ओळ, "टँगो शिकले!"

आई म्हणाली, "तिचो हात कित्याक धरल्यान तेणा?"

"नाच आहे तो, आई!" मी ओरडलो.

"तू कदी नाचलंस तिच्यावांगडा?"

हा प्रश्न मला झोंबला, कारण उत्तर होतं, 'कधीच नाही'. मी तडक अँथनीकडे गेलो. तो पूर्वी लग्नांमध्ये मोठ्या ऐटीत नाचायचा. "मला टँगो शिकव. ती यायच्या आत."

"टँगो मला येत नाही," अँथनी म्हणाला, "पण शिकवतो."

खोलीत जागा नाही, म्हणून बाहेर गॅलरीत. बासष्ट वर्षांचे दोन पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून पुढे चार पावलं, मागे चार पावलं! समोरच्या चाळीत लोक कठड्याला लागले. आई स्टुलावर बसून बघत होती. फिलोमिना मोबाइलवर गाणं लावून हसून हसून भिंतीला टेकली होती. "आता मी तुला मागे वाकवणार, तू ढिला सोड अंग," अँथनी म्हणाला. मी अंग सोडलं. त्याने मला वाकवलं. माझा पाय मागे पडला तो आईने कागदावर वाळत घातलेल्या आमसुलांवर!

पुढचं मला नीट आठवत नाही. मी अँथनीच्या मिठीत, अँथनी माझ्यावर, आणि आईचा आवाज, "माझी सोलां गेली रे!"

घोट्याचं हाड मोडलं. पायाला प्लास्टर. आणि पडण्याच्या अगदी आधीचा, म्हणजे मी अँथनीच्या हातावर कमरेतून वाकून आभाळाकडे बघतोय तो फोटो फिलोमिनाने ग्रुपवर टाकला. शालनने लगेच विचारलं, "लागलं का फार?" आणि पाच मिनिटांनी दुसरा मेसेज, "रोबेर्तोंना फोटो दाखवला. ते म्हणतात, डावा पाय चुकला."

शालन परत आली तेव्हा मी प्लास्टर उशीवर ठेवून, तोंड भिंतीकडे करून पडलो होतो. तिने बॅग ठेवली, पायाकडे बघितलं, हळद घातलेलं दूध करून आणलं.

मी भिंतीला म्हटलं, "कोण तो?"

"कोण? रोबेर्तो? अहो, गाईड!"

"गाईड सगळ्यांचा असतो. हा तुझ्या एकटीचाच कसा?"

शालनने पर्समधून टूरच्या फॉर्मची घडी पडलेली प्रत काढून माझ्यापुढे धरली. अक्षर माझं होतं. फॉर्म मीच भरला होता, आणि 'विशेष सूचना' या रकान्यात मीच लिहिलं होतं : पत्नीला दिशा कळत नाहीत. एक क्षणही एकटं सोडू नये. सोबत कायम जबाबदार माणूस ठेवावा.

"टूरवाल्यांनी ते इंग्रजीत करून तिकडे पाठवलं," शालन म्हणाली. "ते बिचारे बाथरूमच्या दारापर्यंत यायचे! मंदा वैतागली. मी मात्र त्यांना काही बोलले नाही. म्हटलं, घरच्या माणसाने काळजीने लिहिलंय." मग फॉर्मची घडी घालत म्हणाली, "तो रुंद रस्ता ओलांडताना सारखं वाटायचं, तुम्ही हवे होतात."

माझा चेहरा त्या राजवाड्याच्या रंगाचा झाला असावा, कारण आई दारातून म्हणाली, "ताप इलो काय ह्येका?"

आता पुढच्या वर्षी दोघी बहिणी लिमाला निघाल्यात, पेरूच्या राजधानीत. फिलोमिनाही चाललीय. मला या वेळी दोनदा आग्रह झाला, पण दोन्ही वेळा पाय प्लास्टरमध्ये होता. फॉर्म मात्र मीच भरला. 'विशेष सूचना' या रकान्यात पूर्वीचाच मजकूर जसाच्या तसा लिहिला आणि खाली एकच ओळ वाढवली : माणूस शक्यतो बुटका द्यावा.