हिरव्या नोकरीचा क्लास

आमच्या सरांच्या क्लासचे किस्से म्हंजे पावरलूमवर उडनारी रुई. सकाळी डोकं झटका, संध्याकाळी परत केसात हायच! मी धाव्वीला दोनदा गचकलेलो, त्यामुळं माझ्याकडं वेळ पन भरपूर आनि किस्से पन.

तर सर. मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. एक दिवस डोक्यात काय आलं, गावातल्या पोरांनी धुराची, केमिकलची कामं करू नयेत, झाडा-मातीला धरून असलेली कामं शोधावीत. सोडली नोकरी! सरपंचांनी क्लासला समाजमंदिराची खोली दिली, पन अट घातली. "मास्तर, दिवाळीच्या आत एक तरी पोरगा असल्या कामाला लावून दाखवा. न्हायतर खोली ट्रान्सपोर्टवाल्याला."

सरांची बायको नोकरी सोडल्यापासून सरांशी पोरामार्फत बोलायची. "बाबांना सांग, भात वाढलाय."

*

सरांनी पत्र्याचा बोर्ड रंगवला : 'हरित रोजगार मार्गदर्शन केंद्र'. रंग वाळायच्या आत मी बोटानं 'त' पुसला.

दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाचे तात्या पखवाजवाल्याला घेऊन दारात हजर! "हरि रोजगार? म्हंजे कीर्तनाच्या सुपाऱ्या मिळतील का, मास्तर?"

सर बोल्ले, "तात्या, हा झाडांचा विषय आहे."

"मंग काय झालं? तुळशीवर करू की!"

*

क्लासच्या पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "हिरवी नोकरी म्हणजे काय, कोण सांगेल?"

बाळ्यानं हात वर केला. बाळ्याचा हात वर, हे शाळेपासून पयल्यांदाच. "सर, माझा काका कापड रंगवायच्या डाईंगमध्ये हाय. हिरव्याच नोकरीत! हात हिरवे, बनियन हिरवं, मागचा नाला पन हिरवा."

सरांनी खडू खाली ठेवला. बाळ्या थांबतोय कुठं!

"पुढच्या आठवड्यात जांभळी नोकरी हाय, सर!"

*

मंग आलं गांडूळखत. सर स्वतः अंबाडी गावाच्या पुढं जाऊन गोणीभर गांडुळं घेऊन आले. एस्टीत मांडीवर गोणी, बाजूची सीट शेवटपर्यंत रिकामी! दिली पक्याला. आमच्यात तो एकटाच असा, का सर जे बोलतील ते खरं मानायचा. "महिनाभर जप. खत होईल, तुझा स्वतःचा धंदा होईल."

आठ दिवसांनी सर बघायला गेले. गोणी रिकामी! पक्याचा आजा ओटीवर शिंगाळे मासे साफ करत बसलेला, तोंडभर हसत.

"मास्तर, काय माल दिलात! खाडीत गळ टाकला का मासा!"

सरांनी कपाळाला हात लावला. मी बोल्लो, "सर, पोरं न्हाय तर न्हाय, गांडुळं तरी कामाला लागली!"

मला दोन दिवस क्लासबाहेर बसवला. बाहेरून पन ऐकू येतं सगळं.

*

मंग प्रचारासाठी एक कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणे कोन? भंगारवाले चाचा! हार, नारळ, माइक, सगळं. सर बोल्ले, "हे खरे पर्यावरणाचे सैनिक! कुठलीच वस्तू वाया जाऊ देत नाहीत."

टाळ्या. चाचा माइकसमोर उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं, मंग आमच्या बोर्डाकडं बघत राहिले.

"सर, ये लोहे का है ना?"

"हां चाचा."

"बंद करोगे तो पहले हमको बोलना."

*

दिवाळीच्या आधी ग्रामसभा लागली. खोलीचा निकाल त्याच दिवशी. आदल्या संध्याकाळी पक्या धावत आला, चप्पल एकच पायात.

"सर, लागलो! वळ गावात नवीन गोदामं होतायत ना, तिथं झाडं लावायच्या कामाला! उद्यापासून ड्युटी."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. घरी गेले तर बायकोनं म्हने डायरेक्ट विचारलं, "चहा ठेवू?"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सभा. सर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत, बायको बायकांमध्ये, आमी खिडकीत. पक्या ड्युटीवरून थेट आला. केसात लाकडाचा भुसा, हात चिकानं काळे.

सर वाकून हळूच बोल्ले, "किती लावलीस?"

"आज तोडायची होती, सर. जागा मोकळी पायजे ना त्यांना. दोन आंबे, एक जांभूळ आनि ती मोठी चिंच." पक्यानं हात पॅन्टला पुसले. "लावायची उद्यापासून."

तेवढ्यात सरपंच बोल्ले, "हां मास्तर, बोला. लागला का एक तरी पोरगा?"

अख्खी सभा सरांकडं बघतेय. सर उभे राहिले. पक्याच्या हातांकडं बघितलं. मंग बायकांच्या बाजूला बघितलं.

"लागला," सर बोल्ले. "उद्यापासून."