तुमाले वासाची सवय हाये

"कर पालथी," अध्यक्ष म्हणाले. "इथंच. साहेबांले पाहू दे."

मी बादली पालथी केली. नगरपालिकेच्या सभागृहात, फरशीवर. खाली जुनी वर्तमानपत्रं, वर गावाचा कचरा. खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी एकदम नाकाला रुमाल लावले. कचरा त्यांच्याच घरातला होता. सकाळी मीच त्यांच्या दारातून उचलला होता.

"आता येगयेगळं करून दाखव. ओलं इकडं, वाळलं तिकडं."

हातमोजे नव्हते. काठीही नव्हती. मुकादमानं डोळ्यांनीच खूण केली, बस. मी उकिडवी बसले आणि उघड्या हातांनी कचरा चिवडू लागले. भाताची शितं, केळाची सालं, चुलीची राख, फुटक्या बांगड्या, लेकराची घाण पुसलेलं फडकं. कुणीतरी फोटो काढला. तेवढ्यात चहा आला. ट्रे माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे गेला. माझ्यापाशी थांबला नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. वर्धा जिल्ह्यातलं लहानसं तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची गावं म्हणतील, आमच्याकडे असं नाही. मी आणि माझी माय, दोघी तिथं रोजंदारीवर झाडूच्या कामाला होतो. त्या दिवशीची बैठक होती घरोघरच्या कचऱ्यापासून गॅस करायच्या प्लान्टची. नागपूरहून एक तरुण इंजिनियर आला होता.

हा इंजिनियर आधी आठ दिवस माझ्यासोबत गल्लीगल्ली फिरला होता. कुठून काय निघतं ते मी त्याला सांगत गेले. बाजारात भाजीचे देठ निघतात. शेतकऱ्यांच्या घरचं उष्टं गाईम्हशींच्या टोपल्यात जातं, त्यांच्या दारात नुसती राख आणि माती. हॉटेलवाल्याचा कचरा सगळ्यात चांगला, पण तो नाल्यात फेकतो. सगळं त्यानं डायरीत लिहून घेतलं. एकदा म्हणाला, "बाई, हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलं नाही." घरी जाऊन मी मायला सांगितलं. दोन दिवस मी त्याच खुशीत होते. मूर्ख होते.

सभागृहात त्याच्या कागदावर भलताच आकडा होता. गावातून इतका ओला कचरा रोज मिळणार, म्हणे. मला राहवलं नाही.

"साहेब, यात राख लय हाये. ओलं इतकं निंघतच नाई, लोकं ढोरांले घालते. टाकीत राख गेली तं गॅस होणार नाई."

अध्यक्ष हसले. आपल्या कापडाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला हसतात तसं.

"आयका. झाडूवाली आता प्लान्ट शिकवून राह्यली."

सभागृह हसलं. इंजिनियर हसला नाही. त्यानं डायरी मिटली आणि बुटांकडे पाहत बसला. डायरीत माझेच शब्द होते. एकच वाक्य बोलायला हवं होतं त्यानं. नाही बोलला.

मग नकाशा उघडला. प्लान्टच्या जागेवर लाल पेन्सिलीचा गोल होता. नाल्यापलीकडे, आमच्या वस्तीला लागून. आमच्या विहिरीपासून हाक ऐकू जाईल इतक्यावर. मी तशीच उकिडवी, घाणीचे हात समोर धरून म्हणाले, "तिथं आमची प्याच्या पाण्याची विहीर हाये."

"तं काय झालं?" अध्यक्ष म्हणाले. "तुमाले वासाची सवय हाये."

यावर कुणी हसलंही नाही. ते जास्त लागलं. हसले असते तर थट्टा म्हणता आली असती. इथं सगळ्यांनी माना हलवल्या, खरंच आहे म्हणून.

"आन गॅस कोणाच्या घरी जाईन?"

"मेन रोडच्या दिव्यांले. चाल, उचल आता. फरशी पुसून जाजो."

आमच्या वस्तीत रस्त्यावर एकही दिवा नव्हता.

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. कचरा भरला. फरशी पुसली. फिनाइल टाकून दोनदा पुसली. हे लपवत नाही. नकार मला त्या घडीला सुचला नाही. अंगात होता तो नुसता ताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी मुकादम एक कागद आणि शाईचं पॅड घेऊन उभा. आमच्याच वस्तीतल्या बाया एकेक करून आंगठा लावत होत्या. माझी पाळी आली.

"लाव."

"काय हाये?"

"हातमोजे येऊन राह्यले तुमच्यासाठी. त्याचा कागद."

मी नववीपर्यंत शिकले आहे. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याला माहीत नव्हतं. मी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. वस्तीतील रहिवासी विहिरीलगतची जागा प्रकल्पासाठी स्वखुशीने सोडत आहेत. दुर्गंधी अथवा पाण्याबाबत पुढे कोणतीही तक्रार करणार नाहीत.

हातमोज्यांचा शब्द नव्हता.

'स्वखुशीने' हा शब्द मी दोनदा वाचला. तेव्हा कुठं मला कळलं. सभागृहातला अपमान अध्यक्षांच्या तोंडातून सुटला नव्हता. तो आधीच टाइप होऊन आला होता, खाली आमच्या आंगठ्यांची जागा सोडून.

"मुकादम भाऊ, पेन दे."

"काऊन?"

"दे."

त्यानं दिला. मी खाली लिहिलं, 'वाचले. संमती नाही.' त्याखाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पेन धरून वर्षं झाली होती. अक्षर खराब आलं. पण आलं.

मुकादम कागद ओढायला लागला. तेवढ्यात माय पुढे झाली. तिला वाचता येत नाही. तिनं आख्खा पंजा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावरून फिरवला. तिनं आधीच लावलेला आंगठा, शेजारणीचा आंगठा, सगळे त्या काळ्यात बुडाले. माझी अक्षरंही अर्धी बुडाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"उद्यापासून येऊ नोका दोघी," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. त्यालाही नोकरी होती.

आठवड्यानं इंजिनियर वस्तीत आला. म्हणाला, "मी रिपोर्टमध्ये राखेचं लिहिलं आहे."

"माहं नाव लिहिलं?"

त्यानं पुन्हा बुटांकडे पाहिलं.

माय त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. मी तिच्या हातातून घेतला आणि आत ठेवला. घरी आलेल्या माणसाला पाणी नाही दिलं, असं आयुष्यात एकदाच केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

मोजणीवाले आले तेव्हा आम्ही बाया विहिरीच्या ओट्यावर जाऊन बसलो. तीन दिवस बसलो, भाकरी बांधून. तिसऱ्या दिवशी ते फीत गुंडाळून गेले. प्लान्ट मग गावाच्या दुसऱ्या टोकाला झाला. थोडे महिने चालला आणि टाकी राखेनं भरली. आता तिच्यावर बेशरमाची झुडपं आहेत. मला त्याचा आनंद नाही. गॅस झाला असता तर चांगलंच होतं. मी प्लान्टच्या विरोधात कधीच नव्हते. झाडूचं काम मला परत मिळालं नाही. माय कापूस वेचता वेचता थकून गेली आणि एक दिवस वारली.

आता पुन्हा ठराव आला आहे. नवा अध्यक्ष, नवा नकाशा, गोल मात्र पुन्हा आमच्याच विहिरीपाशी. हा गोड बोलतो. आमच्या खाटेवर बसला, आमच्या घरचा चहा प्याला. म्हणाला, "ताई, या वेळेस बंद टाकी हाये. वास येतच नाई."

"मंग बाजारात बांधा," मी म्हणाले. "नगरपालिकेच्या मागं जागा रिकामी हाये. कचराबी तिथलाच जास्त. तिथं बांधा, मी पहिल्या दिवशी कामावर येईन."

तो हसला. "बाजारात कसं जमन ताई? लोकं आयकतीन का?"

"आमी लोकं नाई काय?"

कप खाली ठेवून तो म्हणाला, "तुमी समजदार बाई हा. चार बायांले समजावून सांगा."

"नाई," मी म्हणाले. "मी समजदार नाई. जागा बदला."