शहाडमार्गे हवाई

हवाई बेटांवर जाण्यासाठी आम्ही शनिवारी दुपारी चार वाजता डोंबिवलीहून निघालो आणि पहिला मुक्काम घोडबंदर रोडवर एका ट्रकच्या मागे पडला. पाऊण तास आम्ही त्या ट्रकचा नंबर पाठ करत होतो. "विमानाने एव्हाना मस्कत आलं असतं," माझी बायको नीलिमा म्हणाली.

तिचा टोमणा रास्त होता. पंचवीस वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं की तुला हवाईला नेईन. हवाई नकाशात कुठे आहे हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. प्रत्यक्षात आम्ही माथेरानला गेलो, तेही तिच्या मामांसकट. मग मुलीचं शिक्षण, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, असं करत करत लग्नाचा पंचविसावा वाढदिवस येऊन ठेपला. तेव्हा मी जाहीर केलं की हवाईला जाता येत नसेल तर हवाई इकडे आणू. तिथे डुकराचं मांस जमिनीत खड्डा करून, पानांत गुंडाळून दिवसभर शिजवतात आणि मग त्याचे धागे काढतात. इंटरनेटवर एका बाईंनी तेच स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) करून दाखवलं होतं. "करा," नीलिमा म्हणाली, "पण हवाई झालं की नाही, ते मी ठरवणार." ती हसत नव्हती. या वेळीही माझा शब्द पोकळ निघाला तर पुढची पंचवीस वर्षं कठीण जाणार, हे मला कळत होतं.

घोडबंदरला नीलिमाची मोठी बहीण आशाताई तेविसाव्या मजल्यावर राहते. कुकर तिचा, जावयाने भेट दिलेला. ती त्यात लसूण ठेवायची. "काचेचं झाकण आहे ना, किती उरलाय ते दिसतं," ती म्हणाली. लसूण परातीत ओतून तिने कुकर एका जुन्या ओढणीत बांधून दिला आणि आम्ही पुन्हा ट्रकच्या मागे येऊन उभे राहिलो.

अडचण होती जागेची. आईने निक्षून सांगितलं होतं, "माझ्या ओट्यावर कोंबडी चढली, मी गप्प बसले. डुक्कर चढणार नाही." सुदैवाने शहाडला आमची एक छोटी खोली आहे. भाडेकरू महिन्यापूर्वीच सोडून गेला होता. आत पंखा, नळ आणि वीज होती. बाकी नावाला एक खिळा होता, कॅलेंडरचा.

रविवारी सकाळी कल्याणच्या एका कोल्ड स्टोरेजमधून दोन किलो खांद्याचं मांस घेतलं आणि शहाडची रिक्षा केली. मांडीवरचा कुकर पाहून रिक्षावाल्या काकांना राहवेना. मी त्यांना खड्डा, पानं, निखारे सगळं समजावून सांगितलं.

"मंग ही आमची पोपटीच झाली की!" ते म्हणाले. पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरून, भोवती जाळ करून भाजतात ती) हा त्यांच्या घरचा विषय. "हवाईवाल्यांना कोनी शिकवली?"

त्यांनीच वाटेत रिक्षा थांबवून ओळखीच्या वाडीतून केळीचं एक पान कापून आणलं. "पाल्याबिगर काय मजा नाय," म्हणाले.

खोलीत पोचल्यावर लक्षात आलं की मांसाला टोचायला काटाच आणलेला नाही. शेवटी खोलीची किल्ली घासूनपुसून घेतली आणि तिच्या टोकानेच टोचलं. वर खडे मीठ चोळलं, केळीच्या पानात गुंडाळलं आणि नऊ वाजता बटण दाबलं. आता कुकरला त्याचं काम करू द्यायचं, आपण डोंबिवलीला घरी जायचं आणि संध्याकाळी जेवायलाच परत यायचं, असा बेत होता.

काका खाली थांबलेच होते. त्यांची रिक्षा स्टेशनपाशी आली तेव्हा नीलिमाने नेहमीप्रमाणे विचारलं, "गॅस बंद केलात ना?"

"अगं, तिथे गॅसच नाही."

"आणि मेन स्विच?"

"तो केला की!" मी अभिमानाने म्हणालो. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद, हा आमच्या वडिलांचा दंडक. तो मी आजवर एकदाही मोडलेला नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मीही स्वतःकडे तसंच बघितलं असतं, पण रिक्षात आरसा एकच होता आणि तो काकांकडे होता. त्यांनी रिक्षा वळवली.

मांस होतं तसंच गार होतं. पुन्हा बटण दाबलं. "आता इथून हलायचं नाही," नीलिमाने हुकूम सोडला आणि आईला फोन केला. आईने कालचं वरण आहे म्हणून कळवलं. आम्ही वर्तमानपत्र पसरून भिंतीला टेकून बसलो. समोर खिडकीतून उल्हास नदीचा वीतभर तुकडा दिसत होता. टीव्ही नाही, खुर्ची नाही आणि समोर आठ तास. इतका वेळ आम्ही दोघंच एका खोलीत शेवटचे कधी बसलो होतो, ते मला आठवेना.

"चहा टाकतेस?" मी सवयीने विचारलं.

"कशावर टाकू?" ती म्हणाली, आणि मग एकदम हसायलाच लागली. हसू थांबल्यावर म्हणाली, "मला तुमचं ते हवाई कशाला हवं होतं, माहितीये? तिथे मला कुणी चहा टाक म्हणणार नाही म्हणून."

मला फार ओशाळं वाटलं. पंचवीस वर्षं मी विमानाच्या तिकिटांच्या काळजीत होतो आणि तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी खाली उतरून टपरीवरून दोन कटिंग घेऊन आलो. तिने पाय लांब केले, पदर तोंडावर घेतला आणि दोन तास गाढ झोपली.

चारच्या सुमाराला वास जिन्यात पोचला. शेजारच्या वहिनी दारात आल्या. आमच्याकडे ताटं नाहीत हे कळताच त्यांनी घरून दोन आणून दिली. "मटण ना?"

"पोर्क," नीलिमा म्हणाली.

"अय्या, हो का?" वहिनी अगदी प्रेमाने म्हणाल्या. "मग ताटं तुमच्याकडेच असू द्या हं."

सहा वाजता झाकण काढलं. मांस बोट लावताच सुटत होतं. चमचाही आणला नव्हता, तेव्हा जरा निवल्यावर दोघांनी हातांनीच धागे काढले आणि पावाबरोबर खाल्ले. मीठ थोडं जास्त झालं होतं. नीलिमा चवीने खात होती, पण बोलत नव्हती. विचारायचा मला धीर होईना. तेवढ्यात एजंटचा फोन आला. नवा भाडेकरू मिळालाय, उद्या खोली दाखवू का? नीलिमाने माझ्या हातातून फोन घेतला.

"खोली एवढ्यात द्यायची नाही," तिने सांगितलं आणि आणखी एक पाव उचलला.

रात्री आठच्या सुमाराला आम्ही डोंबिवलीला पोचलो. प्रवासाने माणूस बदलतो म्हणतात. माझ्यात फार फरक पडलेला नाही, नीलिमात मात्र पडलाय. त्यानंतरच्या दोन रविवारी ती सकाळीच उठून, उशी आणि एक पुस्तक घेऊन एकटी शहाडला गेली. मी घरी आईला चहा करून दिला, तो तिला आवडला नाही. तिसऱ्या रविवारी नीलिमा दारात थांबली, माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली, "येता का?"

मी लगेच चपला घातल्या.